‘एससी, एनटीची मुलं उभी राहा!’

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत सहावी-सातवीच्या वर्गात ही हाक अजूनही ऐकू येते. गुरुजींच्या मनात काही वाईट नसतं, त्यांना यादी पूर्ण करायची घाई असते. पण बारा वर्षांचं पोर चाळीस जणांसमोर उभं राहतं आणि मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारची जागा रिकामी होते. ही यादी हजेरीपटावरून मुकाट्याने करता येते, हे डीएड-बीएडला कुणी शिकवत नाही. तिथे समता हा पाच गुणांचा टिपा लिहायचा प्रश्न!

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ मध्ये छडीबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. छडी बऱ्यापैकी सुटली, टोमणे सुटले नाहीत. ऊसतोडीहून परतलेल्या मुलीला ‘आलात का पाहुणे?’ म्हणणं हाही छळच. खरं तर शाळा सुटलेल्या अशा मुलीला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे.

शिक्षकांना प्रशिक्षणं कमी नाहीत. ॲप आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच ती संपतात. जिल्हा प्रशिक्षण संस्थांनी त्यातला एक दिवस अशा प्रसंगांवर शिक्षकांना बोलतं करण्यासाठी ठेवावा.

– एक निवृत्त शिक्षिका, बीड