विज्ञानाच्या तासाला पुस्तक वाचायलाही शिकवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. दहावीला ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हा भाग शिकवताना दर वर्षी एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते आणि तिच्याविषयी आपल्या पत्राच्या वाचकांशी, विशेषतः पालकांशी आणि माझ्या सहकारी शिक्षकांशी, बोलावेसे वाटते. मुलांना पेशीश्वसनाची, म्हणजे पेशीत अन्नातली ऊर्जा मोकळी होण्याच्या प्रक्रियेची, व्याख्या येते, त्याच्या तिन्ही टप्प्यांची नावे क्रमाने सांगता येतात, हे काम जिथे मुख्यतः चालते त्या तंतुकणिकेची (मायटोकाँड्रियाची) आकृतीही सुबक काढता येते. मात्र त्याच विषयावरचा एखादा परिच्छेद समोर ठेवून ‘यात काय म्हटले आहे ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारले, की सारा वर्ग गप्प होतो. चांगले गुण मिळवणारी मुलेसुद्धा परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचून दाखवतात आणि उत्तर दिल्याच्या समाधानाने खाली बसतात. यात मुलांचा दोष नाही. विज्ञानाचे लेखन कसे वाचायचे हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. ते शिकवण्याची जबाबदारी आम्हा विज्ञानशिक्षकांची आहे आणि ती भाषेच्या शिक्षकांवर ढकलता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेशीश्वसनाचेच उदाहरण घेण्याचे कारण असे, की शालेय जीवशास्त्रात इतका दाट मजकूर क्वचितच दुसरीकडे आढळतो. हान्स क्रेब्ज यांनी पेशीश्वसनातल्या ज्या अभिक्रियांच्या चक्राची मांडणी १९३७ मध्ये केली आणि ज्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते चक्र आपल्या पुस्तकांत काही ओळींत आटोपते. इलेक्ट्रॉन वहन साखळीतून, म्हणजे श्वसनाच्या शेवटच्या टप्प्यातून, एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू नेमका कसा तयार होतो, यावर शास्त्रज्ञांमध्ये अनेक वर्षे वाद चालला होता. पीटर मिशेल यांनी १९६१ मध्ये मांडलेली कल्पना प्रथम अनेकांना पटली नाही, आणि पुढे १९७८ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. एवढा सगळा व्याप दीड-दोन पानांत बसवायचा म्हटल्यावर प्रत्येक वाक्यावर चार वाक्यांचा भार येणारच. असे वाक्य कथेतल्या वाक्याच्या वेगाने वाचले, तर हाती काहीच लागत नाही.

‘ग्लुकोजच्या एका रेणूचे पेशीद्रव्यात विघटन होऊन पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात आणि या अभिक्रियेत एटीपी व एनएडीएच यांचे प्रत्येकी दोन रेणू मिळतात.’ या धाटणीचे वाक्य विज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. (एनएडीएच म्हणजे इलेक्ट्रॉन पुढच्या टप्प्याकडे वाहून नेणारा रेणू.) ते फळ्यावर लिहून मी मुलांना पेन्सिल हातात घ्यायला सांगते आणि प्रश्न विचारते. हे कुठे घडते? आत काय गेले? बाहेर काय आले? ग्लुकोजमध्ये कार्बनचे सहा अणू असतात, मग पायरुविक आम्लाच्या प्रत्येक रेणूत किती असतील? तीन, हे उत्तर मुले लगेच देतात. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा असतो: या वाक्यात काय सांगितलेले नाही? थोडा वेळ शांतता पसरते आणि मग कोणीतरी म्हणते, ‘बाई, यात ऑक्सिजन कुठेच नाही.’ दुसऱ्या बाकावरून आवाज येतो, ‘कार्बन डायऑक्साइडही नाही.’ वाक्यात जे नाही ते शोधण्याची सवय लागली, की श्वसनाचा हा पहिला टप्पा ऑक्सिजनशिवाय पार पडतो आणि म्हणूनच तो ऑक्सिश्वसन व विनॉक्सिश्वसन या दोन्हींत समाईक आहे, ही गोष्ट मुलांना वेगळी पाठ करावी लागत नाही.

पुढचा भाग वाचताना मी त्यांना वहीच्या समासात कार्बनचा हिशेब ठेवायला लावते. पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरते, त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि दोन कार्बनचा ॲसेटिल गट को-एन्झाइम-ए या वाहक रेणूला जोडला जातो. रेणू दोन असल्यामुळे इथे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू सुटले. क्रेब्ज चक्रात उरलेले चार सुटतात. हिशेब सहाला सहा जुळतो. या हिशेबासाठी मुलांना तीनदा मागचा परिच्छेद उघडून पाहावा लागतो, आणि मागे जाऊन पुन्हा वाचणे हे हळू मुलाचे लक्षण नसून नीट वाचणाऱ्याचे आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळते. एरवी आपल्याकडे पुस्तक पुढे सरकवण्याचीच घाई असते.

हिशेब जुळल्यावर एक प्रश्न मुद्दाम विचारावा: आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन शेवटी जातो कुठे? जवळजवळ सगळा वर्ग ‘कार्बन डायऑक्साइडमध्ये’ असे उत्तर देतो, कारण श्वसनाच्या समीकरणाच्या एका बाजूला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइड दिसतो. मजकूर नीट वाचला तर उत्तर वेगळे निघते. ऑक्सिजन अगदी अखेरीस, इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या टोकाशी, इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. कार्बन डायऑक्साइड त्याआधीच, वेगळ्या ठिकाणी सुटलेला असतो. समीकरण सुरुवात आणि शेवट तेवढा दाखवते, मधली वाट परिच्छेदातच सापडते. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचणे ही स्वतंत्र कला आहे आणि ती वर्गातच शिकवता येते.

आपल्या भाषेच्या रचनेमुळे आणखी एक सवय लावावी लागते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि विज्ञानाच्या लांब वाक्यात त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत मूल कर्त्याला विसरलेले असते. म्हणून आधी क्रियापदाखाली रेघ ओढायची, मग मागे येत काय, कुठे, कशापासून हे शोधायचे. ‘त्यापासून’, ‘या अभिक्रियेत’, ‘हे रेणू’ असे शब्द आले, की ते कोणाकडे बोट दाखवतात तिथपर्यंत बाण काढायचा. ‘मात्र’, ‘परिणामी’, ‘अन्यथा’ या शब्दांना गोल करायचे, कारण तिथे विचार वळण घेतो. या साध्या खुणांनी दोन आठवड्यांत मुलांच्या पुस्तकाचे पान वाचलेले दिसू लागते. वर्षअखेरीस पुस्तक कोरे करकरीत राहिले याचे कौतुक करणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, की पेन्सिलीच्या खुणांना घाण समजू नये.

आकृतीचेही तसेच. तंतुकणिकेची आकृती म्हणजे पेन्सिलने काढून नावे देण्याची आणि गुण मिळवण्याची गोष्ट, असा मुलांचा पक्का समज असतो. ती वाचायची असते हे सांगावे लागते. एका हाताचे बोट मजकुरावर आणि दुसऱ्याचे आकृतीवर ठेवून ‘हे इथे घडते’ असे जोडीदाराला दाखवायचे. पायरुविक आम्ल बाहेरून येते, क्रेब्ज चक्र आतल्या द्रवात चालते, इलेक्ट्रॉन वहन साखळी आतल्या पटलावर असते, असे बोट फिरले की त्या पटलाला इतक्या घड्या का, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. घड्यांमुळे पृष्ठभाग वाढतो हे उत्तर एरवी ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या सदराखाली पाठ केले जाते.

वाचनाला प्रयोगाची जोड असावी, आणि त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. घरोघरी भिजवली जाणारी मटकी पुरेशी आहे. मोड आलेली मटकी एका थर्मास फ्लास्कमध्ये घालून तोंडाशी कापसाचा बोळा आणि त्यातून तापमापी बसवावी. दुसऱ्या तशाच फ्लास्कमध्ये उकळून गार केलेली मटकी जंतुनाशकाच्या पाण्याने धुऊन भरावी, म्हणजे सूक्ष्मजीवांमुळे निर्माण होणारी उष्णता निष्कर्षात मिसळणार नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या फ्लास्कचे तापमान चढलेले दिसते, दुसऱ्याचे फारसे बदलत नाही. महत्त्वाचे हे, की प्रयोग मांडण्याआधी मुलांनी परिच्छेद वाचून काय होईल ते लिहून ठेवावे. ग्लुकोजमधल्या ऊर्जेचा काही भाग एटीपीमध्ये साठतो आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, हे वाक्य त्यांनी आदल्या दिवशी वाचलेले असते. तापमापीतला पारा पाहून ती पुन्हा पुस्तक उघडतात आणि तेच वाक्य शोधून काढतात. मोडाला ना फुप्फुसे असतात ना नाक, आणि वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात ही समजूतही दिवसाउजेडी गरम झालेल्या मटकीपुढे टिकत नाही.

मुलांना गोंधळात टाकणारी आणखी एक बाब म्हणजे एटीपीचा आकडा. अनेक शालेय पुस्तकांत ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३८ एटीपी मिळतात असे छापलेले असते, तर अलीकडच्या संदर्भग्रंथांत सुमारे ३० ते ३२ असा आकडा असतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारे मूल दोन्ही वाचते आणि ‘बाई, बरोबर कोणते?’ असे विचारते. ‘परीक्षेत अमुक लिही’ एवढ्यावर हा प्रश्न मिटवणे मला योग्य वाटत नाही. जुना हिशेब प्रत्येक एनएडीएचमागे तीन एटीपी धरतो. प्रत्यक्ष मोजमापांतून हे प्रमाण अडीचच्या आसपास निघते, कारण तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे साठलेल्या प्रोटॉनच्या बळावर एटीपी तयार होतो, आणि त्या बळाचा काही भाग पदार्थांची ने-आण करण्यात व गळतीत खर्च होतो. हे दहावीच्या मुलाला कळते. छापलेला आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे विचारायचे असते, ही जाण त्याला पुढे वर्तमानपत्रातली आरोग्यविषयक बातमी वाचतानाही उपयोगी पडेल.

पुण्यात सेमी-इंग्रजीचे वर्ग मोठ्या प्रमाणावर आहेत आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनाही अकरावीला विज्ञान इंग्रजीतूनच वाचावे लागते, त्यामुळे वाचनाची अडचण दुप्पट होते. घरात मराठी, पुस्तक इंग्रजी आणि गाइडमध्ये तयार उत्तर, अशा स्थितीत मूल मूळ पानाकडे वळतच नाही. माझा अनुभव असा, की आधी मराठीत मनमोकळी चर्चा, मग इंग्रजी परिच्छेदाचे जोडीने वाचन आणि पुन्हा मराठीत सांगणे, असा क्रम ठेवला तर मुले बिचकत नाहीत. अंदाज बांधणे, अडलेले स्पष्ट करून घेणे, प्रश्न विचारणे आणि सारांश सांगणे या चार गोष्टी मुलांनी गटात आळीपाळीने करण्याची पद्धत १९८४ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधिकांनी मांडली. पन्नास-साठ मुलांच्या वर्गातही ती चारचारच्या गटांत राबवता येते. गोंगाट होतो, पण तो विषयाचाच असतो.

‘अभ्यासक्रम पुरा करायचा की हे करत बसायचे?’ असे सहकारी विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी, शाळाबाह्य कामे आणि सराव परीक्षा. तरीही नोट्स उतरवून देण्यात आपण जितके तास घालवतो त्यातले तीन-चार या एका पाठाला दिले, तर पुढच्या पाठांत ते भरून निघतात, कारण मुले स्वतः वाचून येऊ लागतात. सगळेच पाठ असे शिकवण्याची गरज नाही. वर्षात दाट मजकुराचे मोजके पाठ निवडावेत.

शिक्षकांनी हे एकेकट्याने करत राहण्यापेक्षा व्यवस्थेचा आधार मिळाला तर अधिक बरे. सुदैवाने त्यासाठी पुण्याबाहेर जावे लागत नाही. कुमठेकर रस्त्यावरील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विज्ञानशिक्षकांच्या प्रशिक्षणात मजकूर वाचून घेण्याच्या पद्धतींसाठी एक पूर्ण दिवस राखावा, आणि तो दिवस भाषणांत न घालवता शिक्षकांकडूनच एखादा पाठ वाचून घेण्यात घालवावा. सेनापती बापट रस्त्यावरील बालभारतीने दाट परिच्छेदांशेजारी खुणा करण्यासाठी रुंद समास सोडावा आणि पाठाच्या मध्येच ‘इथे थांबा, मागचे वाक्य पुन्हा पाहा’ अशा सूचना छापाव्यात. दर १५ ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो आणि तो ज्यांच्या जन्मदिनी होतो ते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम वैज्ञानिक होते. त्या दिवशी गोष्टीच्या पुस्तकांबरोबर विज्ञानाचे एखादे पानही वाचायला घ्यावे.

सर्वांत परिणामकारक बदल मात्र परीक्षेतूनच होईल. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा असतो. तसाच एक अपठित उतारा चाळीस गुणांच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ च्या प्रश्नपत्रिकेत राज्य मंडळाने चार-पाच गुणांसाठी द्यावा. यीस्टमुळे पाव कसा फुगतो, सिंहगड चढताना स्नायूंत काय घडते, शीतगृहात ठेवलेल्या फळांचे श्वसन का मंदावते, असे कितीतरी विषय आहेत. उतारा नवा असल्यामुळे गाइडमध्ये त्याचे उत्तर नसेल. पहिली दोन वर्षे हा प्रश्न ऐच्छिक ठेवून नमुना उतारे सर्व शाळांना आधी पाठवले, तर शिक्षकांना आणि मुलांना सरावासाठी पुरेसा अवधी मिळेल.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, पुणे