गेटअवेची पुढची चाकं पुन्हा ओढू लागली: आमच्या मिस्त्रींना आभारपत्र

मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम उघडं लिहितोय. जुनी फोर बाय फोर पिकअप सांभाळणारे आपल्या कोकणात बरेच आहेत आणि तुम्ही आमच्या गाडीवर जे काम केलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल. गाडी कोणती ते त्यांच्यासाठी सांगतो: महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, एमहॉक २१७९ सीसी इंजिन, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे स्प्रिंगचे पाटे.

तक्रार अशी होती की डॅशबोर्डवर फोर-एचचा, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडल्याचा, दिवा लागायचा, पण चिखलात पुढची चाकं नुसती उभी राहायची. आधीच्या एका वर्कशॉपने ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) उतरवायला लागेल म्हणून सांगून टाकलं होतं. तुम्ही पाना हातात घेण्याआधी गाडी चारही चाकांनी स्टँडवर उचललीत, फोर-एच टाकलात, इंजिन बंद केलंत, गाडी गिअरमध्ये ठेवलीत आणि तिथून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिलात. शाफ्ट फिरेना. म्हणजे ट्रान्सफर केस आणि तिची मोटर आपलं काम चोख करत होती. मग पुढचं उजवं चाक फिरवलंत, तर चाक भिरभिर फिरतंय आणि त्याला फिरवणारा आतला सीव्ही शाफ्ट जागचा हलत नाही. दोष हब लॉकमध्ये, म्हणजे चाक त्या शाफ्टला जोडणाऱ्या कुलपात. पाच मिनिटांच्या या तपासणीने ट्रान्सफर केस उतरवण्याचा सगळा खर्च वाचला. त्याबद्दल पहिले आभार.

आमचे हब लॉक व्हॅक्यूमवर चालणारे. तुम्ही गेज असलेल्या हातपंपाने एकेका बाजूला ५०० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम ओढलात. डाव्या बाजूचा काटा जागेवर राहिला, उजवीकडचा दहा सेकंदांत शून्यावर. पाइप टप्प्याटप्प्याने चिमट्याने दाबत गेलात आणि गळती नक्की कुठे ते सापडलं: चाकामागच्या पत्र्याला घासून रबर कडक झालेलं, त्यावर केसाएवढी चीर, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तीच चीर उघडणार. सरळ चाकांवर तपासणाऱ्याला ती कधीच दिसली नसती.

अशा गळतीचं खरं नुकसान पुढे असतं, हे तुम्ही हब उघडून दाखवलंत. व्हॅक्यूम गळका झाला की ओढ्यातून जाताना हब हवेबरोबर पाणीही आत खेचतो. उजव्या हबमधलं ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालं होतं आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीवर) नखाला लागतील असे खड्डे होते. डावीकडचं बेअरिंग चांगलं निघालं, ते तुम्ही रॉकेलने धुऊन, सुकवून, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटीतून दुसऱ्या बाजूला बाहेर येईपर्यंत भरलंत. उजवीकडे बेअरिंग आणि रेस दोन्ही नवे, कारण जुन्या रेसवर नवं बेअरिंग बसवलं तर तेही लवकर जातं. नट आवळताना चाक फिरवत घट्ट केलात, मग सैल करून पुन्हा हलक्या हाताने, खेळ संपेल इतकाच आवळलात. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, कमी आवळलं तर चाक डुगडुगतं.

डुगडुग कशाची हे ओळखायची तुमची खूण इथे नोंदवून ठेवतो. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाचा भाग आर्मला जोडणारा गोळ्याचा सांधा. आमच्या गाडीत दोन्ही होते, म्हणून बेअरिंग चांगलं असूनही डावीकडे खेळ उरला आणि तिथला खालचा बॉल जॉइंट बदलावा लागला.

व्हॅक्यूम हब काढून हाताने फिरवायचे लॉक बसवायचा तुमचा सल्ला आम्ही मानला आणि तो बरोबर ठरला. उतरून दोन्ही चाकांपाशी जावं लागतं, पण लॉक लागलाय की नाही हे डोळ्यांना दिसतं. बसवताना आत ग्रीसचा पातळ हात दिलात, भरगच्च भरलं नाहीत, कारण जास्त ग्रीसने आतली सरकणारी रिंग चिकटते. मोकळी झालेली व्हॅक्यूमची लाइन सोलेनॉइडपाशीच (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हपाशी) बूच आणि क्लिप लावून बंद केलीत. हे बरेच जण विसरतात. इंजिनच्या त्याच व्हॅक्यूम पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो, लाइन उघडी राहिली तर घाटात पेडल दगडासारखं होईल. आणि एक लॉक लावून दुसरा मोकळा ठेवला तर सगळी ताकद मोकळ्या बाजूने निघून जाते, पुढून काहीच ओढत नाही, हे तुम्ही जॅकवर फिरवून दाखवलंत म्हणून पक्कं लक्षात राहिलं.

टॉर्शन बारवरून आपलं थोडं वाजलं होतं. आम्हाला पुढून गाडी दोन इंच वर हवी होती, बोल्ट आवळला की झालं. तुम्ही नाही म्हणालात. बोल्ट आवळून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची बदलते, आणि चाकाला खाली जायला उरलेली जागा संपते. मग प्रत्येक खड्ड्यात वरचा आर्म स्टॉपरवर आदळतो, सीव्ही जॉइंटचा कोन वाढून बूट फाटतो, टायर कडेने खातो. तुम्ही सपाट फरशीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावून दोन्ही बाजू मोजल्यात, डावी बाजू १८ मिलिमीटर बसलेली निघाली, तेवढी भरून काढून दोन्ही सारख्या केल्यात आणि लगेच अलाइनमेंटला पाठवलंत. आज ते पटतं.

मागच्या पाट्यांचं काम मात्र आम्ही सगळ्यांना आवर्जून सांगतो. मागे गाडी बसली की एक ज्यादा पाटा घालायचा, ही सगळीकडची पद्धत. तुम्ही आधी पेट्या भरून आणि रिकामी अशा दोन्ही वेळा उंची मोजलीत. भरल्यावर गाडी जेवढी खाली जायला हवी तेवढीच जात होती, पण रिकामी असतानाच बसलेली होती. म्हणजे पाटे कमी नव्हते, त्यांची कमान गेली होती. ज्यादा पाटा घातला असता तर रिकाम्या गाडीचं मागचं चाक घाटात प्रत्येक खडीवर उडलं असतं. तुम्ही पूर्ण संच उघडलात, पाट्यांना नव्याने कमान घेतलीत, सेंटर बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला धरणाऱ्या कडीचे) बुश नवे घातलेत, आणि यू-बोल्ट जुने दिसायला चांगले असूनही फेकून दिलेत, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावरच शेवटचे आवळलेत. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

त्यानंतर खाली वाकून तुम्ही जो छोटा रॉड दाखवलात, त्याकडे आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं. मागच्या ॲक्सलवरून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाणारा. गाडीत माल किती आहे हे तो व्हॉल्व्ह मागची उंची बघूनच ठरवतो आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला दाब सोडतो. मागून गाडी उचलली आणि रॉड तसाच ठेवला, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, मागचा ब्रेक कमी लागतो, पुढचे पॅड झपाट्याने संपतात आणि उतारावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. नवी कमान घेतल्यावर तुम्ही रॉडची जागा नव्याने लावलीत. मागून उचललेल्या किती गाड्यांमध्ये कोणी तो रॉड बघतं?

टायर आम्हाला २६५/७५ आर १६ हवे होते. तुम्ही पाटीवर हिशेब मांडलात: मूळचा २४५/७५ सुमारे ७७४ मिलिमीटर व्यासाचा, तो ८०४ चा. म्हणजे जवळजवळ ४ टक्के मोठा. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ च्या वर असेल आणि प्रत्येक चढावर गिअर लांब पडेल. मूळ मापातच ऑल-टेरेन घेतले, तेही चारही एकदम. फक्त पुढचे दोन नवे घातले असते आणि मागचे ५ मिलिमीटर झिजलेले राहिले असते, तर दर किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांच्या चालीत सुमारे १३ मीटरचा फरक पडला असता. फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले, मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या चालीने फिरू देणारा गिअर) नाही, तो फरक जायचा कुठे? म्हणूनच कोरड्या डांबरावर फोर-एच नको.

तेलाचं थोडक्यात. आधी भरायचा प्लग उघडतो का बघायचं, मगच खालचा सोडायचा, नाहीतर तेल निघून जातं आणि भरायची वाट बंद. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, गिअरबॉक्समध्ये जीएल-४. डिफरन्शियलच्या ब्रीदरला (हवा ये-जा करायच्या भोकाला) नळी लावून तुम्ही बॉनेटच्या उंचीवर नेलीत, कारण तापलेलं डिफरन्शियल थंड ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते.

शेवटचं, ती छोटी हातोडी. चेसिसवर पाट्याच्या मागच्या हँगरपाशी तुम्ही ठोकत गेलात. खण, खण, खण, आणि एका जागी भद्द. वरून रंग शाबूत होता, आत लाल मातीचा गोळा वर्षानुवर्षं ओला राहून पत्रा खाऊन बसलेला. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढलीत, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढलात, अर्थ अगदी जोडाशेजारी पकडलात. आता पावसाळा संपला की चेसिसच्या भोकांतून पाण्याची नळी आत घालून माती धुतो, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत.

मिस्त्री, तुम्ही काढलेला प्रत्येक पार्ट का गेला ते सांगून मगच नवा बसवलात. मजुरी दिली, पण या शिकवण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मनापासून धन्यवाद.

नवे यू-बोल्ट ५०० किलोमीटरवर पुन्हा आवळायचे म्हणालात. ४६० झालेत. येत्या आठवड्यात गाडी घेऊन येतो.

आपले,
रत्नागिरीकडचे गेटअवेवाले बागायतदार