तळहातावरचं रोपटं आता पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थांवर लेख आला होता, लेख चांगलाच होता, पण त्याच्या डोक्यावर छापलेलं चित्र बघून मी कपाळाला हात लावला. दोन तळहात, त्यात माती, मातीतून डोकावणारी दोन पानं. मी पंधरा-सोळा वर्षं ग्राफिक डिझाईनचं काम करतेय, अशा संस्थांची कामंही बरीच केलीयत आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी मला हेच चित्र मागितलंय. उरलेल्यांना पृथ्वीच्या गोळ्याला पान चिकटवून हवं होतं.

आता हिरव्या पानात वाईट काय, असं कुणी म्हणेल. वाईट काही नाही हो, पण तेच पान साबणाच्या बाटलीवर असतं, सिमेंटच्या जाहिरातीत असतं, पेट्रोल विकणाऱ्यांकडे तर असतंच असतं. बीपी या तेल कंपनीने २००० साली ढालीच्या आकाराचं जुनं चिन्ह टाकून हिरवं-पिवळं फुलासारखं चिन्ह घेतलं, दिसायला इतकं गोड की कंपनी सूर्यफुलं पिकवते असं वाटावं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात त्यांच्या विहिरीतून तेल सुटलं, ११ कामगार गेले आणि मग ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने लोकांनाच सांगितलं की चला, या कंपनीचा लोगो तुम्हीच नव्याने काढा. तेलाने माखलेले पक्षी, काळे ओघळ, काय काय काढलं लोकांनी. म्हणजे एका संस्थेने दुसऱ्याच्या डिझाईनलाच हत्यार केलं. आणि मजा अशी की बीपीचं ते फूल ज्या लँडोर कंपनीने काढलं त्याच लँडोरने १९८६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेच्या चिन्हातला पांडा नव्याने बसवून दिला होता. आमचा धंदा असा आहे, पेन्सिल कुणाच्याही बाजूने चालते, म्हणून तर संस्थांनी ती आपल्या बाजूला ओढायला पाहिजे.

पांडावरून आठवलं. १९६१ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ सुरू झाली तेव्हा लंडनच्या प्राणीसंग्रहालयात चि-ची नावाची पांडा मादी होती, लोकांची फार लाडकी, तिच्यावरून हे चिन्ह आलं. पीटर स्कॉट हे संस्थापकांपैकी एक आणि स्वतः चित्रकार, त्यांनी पांडा निवडताना एक अगदी व्यवहारी कारणही दिलं होतं की प्राणी काळा-पांढराच आहे, छपाईचा खर्च वाचेल. मला हे फार आवडतं. पैसे कमी आहेत ही अडचण त्यांनी डिझाईनमध्येच मुरवून टाकली. आत्ताचा पांडा नीट बघा, त्याला पाठीची रेघच नाहीये, कागदाचा पांढरा भाग आपण मनातल्या मनात भरून घेतो. एकाच शाईत छापा, शिक्का करा, झेंड्यावर लावा, कुठेच बिघडत नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या संस्थांचे लोगो बघाल तर चार रंगांच्या छटा, झाड, नदी, सूर्य, पक्षी आणि खाली गोल फिरणारं पूर्ण नाव, तो फोनवर नखाएवढा झाला की हिरवा डाग दिसतो फक्त.

मुळात डिझाईनरला बोलावतात कधी, तर सगळं ठरून झाल्यावर. "मजकूर फायनल आहे, जरा छान दिसेल असं करून द्या, उद्या छापायला जायचंय." मागे एका संस्थेने कचरा वेगळा करण्याबद्दल पोस्टर मागितलं होतं. मजकूर पानभर, नऊ सूचना, वर मोठं घोषवाक्य, खाली देणगीदारांचे सात लोगो आणि प्रत्येकाला आपला लोगो शेजारच्यापेक्षा लहान नको. मी केलं ते, नाही म्हणायला हवं होतं पण केलं. ओला कचरा हिरव्यात आणि घातक कचरा लाल रंगात, नुसत्या रंगाने दाखवला. छापून आल्यावर तिथल्याच एका कार्यकर्त्याने विचारलं की हे दोन डबे वेगळे आहेत का, त्याला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नव्हता! असे पुरुष बरेच असतात हे मला माहीत असून मी विसरले, चूक माझीच. पण त्या डब्यांजवळ आधी अर्धा तास उभं राहू दिलं असतं ना, तर मी पोस्टर केलंच नसतं. झाकणं बदला म्हटलं असतं. बाटलीसाठी गोल भोक, कागदासाठी लांब फट, आणि वर चिन्हाऐवजी तिथे रोज पडणाऱ्या खऱ्या वस्तूंचे फोटो. हात भोकापाशी आला की माणूस आपोआप थांबतो, नऊ सूचना कोण वाचतंय.

चिन्हावर फार विसंबलं की काय होतं ते रिसायकलिंगच्या तीन बाणांच्या त्रिकोणाचं बघा. गॅरी अँडरसन नावाच्या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९७० मध्ये एका स्पर्धेसाठी तो काढला, एकात एक वळलेले बाण, इतकं सोपं आणि नेमकं की जगभर गेलं. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तसाच बाणांचा त्रिकोण घेऊन आत १ ते ७ आकडे टाकले. आकडा सांगतो प्लास्टिक कुठल्या प्रकारचं आहे एवढंच, पण लोकांनी बाण बघितले आणि समजले की हे रिसायकल होतं. २०१३ मध्ये या आकड्यांच्या मानकात बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला, पण तोपर्यंत जो समज डोक्यात बसायचा तो बसला होता. म्हणून मी संस्थांना म्हणते की चिन्ह सुंदर आहे का ते नंतर बघू, आधी चार अनोळखी लोकांना दाखवा आणि काय समजलं ते विचारा, आपण मधे बोलायचं नाही.

आकड्यांचंही तसंच. अहवालात तक्ते भरलेले असतात, मेहनत खूप असते, वाचत कुणी नाही. रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानाचे पट्टे केले, एका वर्षाला एक पट्टा, थंड वर्ष निळं आणि गरम वर्ष लाल, एक शब्द नाही की आकडा नाही. डावीकडून उजवीकडे नजर नेली की लाल होत जातं, कळलं. ते हवामानशास्त्रज्ञ आहेत, डिझाईनर नाहीत, हे लिहिताना जरा बोचतंय मला.

अजून एक, प्लास्टिकविरोधी मोहिमेचा फ्लेक्स. फ्लेक्सवर पीव्हीसी असतं हो, ते प्लास्टिकच आहे! कापडावर छापा, आणि तारीख त्यावर नको, तारखेची वेगळी पट्टी लावा म्हणजे तोच बॅनर पुढच्या वर्षी काढता येतो. पूर्ण काळी पार्श्वभूमी भारी दिसते पण शाई किती जाते ते छापणाऱ्याला विचारा.

आणि फुकट कामाबद्दल. मी फुकट करते, वर्षातून दोन-तीन, आनंदाने. पण फुकट आहे म्हणून अठरा वेळा बदल आणि शेवटी जेपीईजी द्या, असं नको. थोडे का होईना पैसे ठरवा, किंवा निदान निर्णय घेणारा एकच माणूस ठरवा, आणि काम झाल्यावर मूळ फाईल, फॉन्ट, रंगांचे नंबर सगळं मागून घ्या, डिझाईनर उद्या दुसरीकडे गेला तर संस्था अडायला नको. हे मागितलं तर आम्हाला राग येत नाही.

त्या लेखातल्या संस्थेचे लोक गुडघाभर चिखलात उभे राहून काम करतात असं तुम्हीच लिहिलंय. त्या चिखलाचा फोटो नव्हता का कुणाकडे?

आपली,
एक वाचक (आणि डिझाईनर)