हिशेब घराचा, खेपा कुणाच्या?

लिलोंग्वे, मलावी

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, "नळ आला की घरातल्या सगळ्यांनाच आला, त्यात बाई-पुरुष कशाला आणता?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. एका परीनं बरंच झालं. फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. तुमची सगळी हयात ऑडिटमध्ये गेली, तेव्हा वाद आकड्यांवरच घालते.

जगातल्या पाण्याचा आणि संडासांचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून ठेवतात. हिशेबाचं एकक असतं घर. पाणी बऱ्यापैकी सुरक्षित ठिकाणचं असेल, आणि जाऊन, रांगेत उभं राहून, भरून परत यायला अर्ध्या तासाहून जास्त लागत नसेल, तर त्या घराला 'मूलभूत' सेवा मिळते असं धरतात. अर्ध्या तासाच्या वर गेलं की 'मर्यादित'. वाचताना यात काही खटकत नाही. पण हा अर्धा तास एका खेपेचा आहे, बाबा. घरात ५ माणसं धरा आणि माणशी २० लिटर, म्हणजे पिणं, स्वयंपाक आणि हातपाय धुणं जेमतेम भागेल एवढंच. रोजचे १०० लिटर झाले. डोक्यावरच्या बादलीत २० लिटर मावतात, म्हणजे ५ खेपा. एका खेपेला २५ मिनिटं धरली तरी दोन तास पाच मिनिटं. अंगात ताप असला तरी, सातवा महिना लागलेला असला तरी. आणि अहवालात हे घर 'मूलभूत सेवा उपलब्ध' या रकान्यात जाऊन बसतं. तुमच्या टेबलावर असं बिल आलं असतं तर तुम्ही सही केली असतीत का?

आता हे दोन तास कुणाचे, ते बघा. २०२२ च्या आकड्यांप्रमाणे जगात १८० कोटी माणसांच्या घरी किंवा आवारात पाणी नाही, ते बाहेरून आणावं लागतं. अशा दहापैकी सात घरांत ते बायका किंवा मुली आणतात. पंधरा वर्षांखालच्या मुलींवर हे काम पडण्याचं प्रमाण त्याच वयाच्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट आहे. मी राहते त्या मलावीबद्दल युनिसेफनं २०१६ मध्ये एक आकडा दिला होता: पाणी आणणाऱ्या बाईची सरासरी ५४ मिनिटं आणि पुरुषाची ६. जगभरातल्या बायकामुलींचा वेळ एकत्र केला तर दिवसाला २० कोटी तास होतात, हेही त्यांचंच. मला तो मोठा आकडा फारसा पचत नाही, एवढे तास डोळ्यांपुढे येतच नाहीत. ५४ आणि ६ मात्र लगेच कळतात.

ही माहिती गोळा होते घरोघरच्या सर्वेक्षणातून. जाऊन यायला किती वेळ लागतो आणि घरातलं कोण जातं, हे विचारतात. उत्तर घरातलं कुणीही जाणतं माणूस देऊ शकतं. म्हणजे ज्यानं कधी बादली उचललेली नाही त्यानं "लागतात पंधरा-वीस मिनिटं" म्हटलं तरी तेच कागदावर येतं. अलीकडे युनिसेफच्या प्रश्नावलीत आठवड्याच्या खेपाही विचारायला लागले आहेत. सुधारणा आहे, पण बरीच उशिरा सुचलेली.

रांगेत एक गोष्ट मी बघते, ती कुठल्याच प्रश्नावलीत बसणारी नाही. वीस किलोची भरलेली बादली एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. पंपावर दोघी मिळून एकीच्या डोक्यावर चढवतात, मग तिच्या मागचीला तिच्या मागची हात देते. शेवटची राहते ती राहतेच. कुणी येईपर्यंत ती बादलीशेजारी कठड्यावर बसते, नाहीतर गुडघे टेकून, मान ताठ धरून स्वतःच चढवते. मानेचं आणि पाठीचं दुखणं इतकं सर्रास आहे की ते दुखणं म्हणून कुणी सांगतसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अंतराचं झालं, जवळ पंप बसवला की संपलं. पंपाचंच घ्या. तुम्हाला इंडिया मार्क टू हा हातपंप माहीत आहे, त्याचं मूळ आपल्या सोलापूर पंपात. लोखंडी, दणकट, जगभर गेलेला. पण आतला पिस्टन बिघडला की सगळी लोखंडी पाइपलाइन वर ओढावी लागते. त्याला अवजारं लागतात, तीन-चार दांडगी माणसं लागतात, गाडी लागते. म्हणजे दुरुस्ती ही आपोआप तालुक्याहून येणाऱ्या पुरुषांच्या टोळीची झाली. ती येईपर्यंत गावातल्या बायका जुन्या डबक्यावर. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात अफ्रिडेव्ह नावाचा हातपंप तयार झाला, तो हीच अडचण डोळ्यांपुढे ठेवून. त्याचा पिस्टन पाइप न काढता आतूनच वर येतो, दांडे एकमेकांत हुकांनी अडकवलेले असतात, आणि एका पान्यावर जवळजवळ सगळं काम होतं. केनियाच्या किनाऱ्यावर क्वाले इथे त्याच सुमारास गावातल्या बायकांनाच दुरुस्ती शिकवली गेली. इथल्या खेड्यांतही बहुतेक अफ्रिडेव्हच. दोन बायका दांडे एकेक करून बाहेर काढतात, झिजलेली रबरी वॉशर बदलतात, परत जोडतात, आणि दुपारच्या आत पाणी चालू होतं. पाण्यात बाई-पुरुष कुठून आले म्हणालात ना? पंपाच्या नकाशातच आलेले असतात. नकाशा काढणाऱ्याच्या मनात कुणाचे हात होते, त्यावर ठरतं.

संडासाचं गणित याहून वाकडं आहे. घरगुती संडास 'सुधारित' केव्हा, तर मैल्याचा माणसाशी संपर्क येत नसेल तेव्हा. आरोग्याच्या दृष्टीनं बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण दाराला आतून कडी आहे का, रात्री तिथपर्यंत उजेड आहे का, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी आणि पॅड टाकायला जागा आहे का, हे त्या व्याख्येत नाही. (शाळांच्या व्याख्येत मुलींसाठी वेगळा आणि आडोशाचा संडास हवा असं आहे. तिथे कुणीतरी मुलींचा विचार केलेला दिसतो.) अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०१० मध्ये नैरोबीच्या झोपडपट्ट्यांवर अहवाल काढला होता. अनेक बायकांना संडासासाठी घरापासून ३०० मीटरहून जास्त चालावं लागत होतं. दिवसा हे फक्त अंतर असतं. अंधार पडल्यावर तिथे बलात्काराची भीती असते, म्हणून रात्री घरातच प्लॅस्टिकच्या पिशवीत उरकायचं. संडास आहे, वापरात आहे, नोंदीत आहे, पण संध्याकाळी सातनंतर तो निम्म्या वस्तीचा नाही.

मग बायका काय करतात? दुपारपासून पाणी पिणं कमी करतात. लघवी तुंबवून ठेवतात, जंतुसंसर्ग होतो, आणि त्याचा खर्च संडासाच्या खात्यावर न पडता दवाखान्याच्या खात्यावर पडतो. खर्च चुकीच्या शीर्षाखाली टाकल्यावर तुम्ही किती चिडायचात, ते मला आठवतंय.

कायदेकरार भरपूर आहेत. १९७९ च्या स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात ग्रामीण बायकांच्या पाण्याचा आणि स्वच्छतेचा उल्लेख आहे. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला, बाजूनं १२२ मतं, विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. केनियानं २००४ मध्येच पॅडवरचा कर काढला आणि २०१७ मध्ये शाळकरी मुलींना ते मोफत देण्याचा कायदा केला. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती मोजता येते.

आणि जिथे नळ घरात आला तिथलंही सांगते, कारण तुमचा मुद्दा तोच होता. जोहान्सबर्गजवळ सोवेटोमध्ये फिरी नावाची वस्ती आहे. तिथे नळ होते, घरोघर. महापालिकेनं प्रीपेड मीटर बसवले: महिन्याला ६,००० लिटर फुकट, मग पैसे भरा, नाहीतर पाणी बंद. हे ६,००० लिटर घराला. आठ माणसांचं घर धरलं की माणशी दिवसाला २५ लिटर पडतात. लिंडिवे माझिबुको यांच्या आवारात वीसच्या आसपास माणसं राहत होती. भागाकार तुम्हीच करा. त्या आणि आणखी चार रहिवासी कोर्टात गेले, पाचांत चार बायका. २००८ मध्ये हायकोर्टानं माणशी ५० लिटर द्यायला सांगितलं आणि ते मीटर बेकायदा ठरवले. घरकाम बायकांच्याच माथी असल्यामुळे मीटरची झळ त्यांनाच जास्त बसते, हेही त्या निकालात होतं. वरच्या कोर्टानं ५० चे ४२ केले. ऑक्टोबर २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयानं महापालिकेचं धोरण वाजवी ठरवलं आणि सगळं मूळपदावर आलं. नळ सगळ्यांना आला होता, बाबा. तो बंद पडल्यावर शेजारी जाऊन पाणी मागायचं काम मात्र सगळ्यांचं नव्हतं.

समित्यांबद्दल थोडक्यात. पाण्याच्या कारभारात बायकांचं स्थान मध्यवर्ती आहे, असं १९९२ मध्ये डब्लिनच्या परिषदेत लिहिलं गेलं आणि तेव्हापासून गावोगावच्या पाणी समित्यांत त्यांच्या जागा ठेवायची पद्धत पडली. मी पाहते ते असं: खजिनदार बाई, कारण तिच्याकडे पैसे सुरक्षित राहतात असा सगळ्यांचा विश्वास. अध्यक्ष पुरुष. पंपाभोवती झाडणं, गटार काढणं बाईकडे, फुकट. आणि जिथे दुरुस्तीचे पैसे मिळतात, तिथे पान्यावर हात पुरुषाचा. बाईला आणखी एक बिनपगारी काम लावून देणं आणि त्याला सहभाग म्हणणं मला पटत नाही. बैठकीत मी तसं बोलले, तर चहा जरा लवकर आला.

एक प्रश्न तुम्ही अजून विचारलेला नाही, पण विचाराल: वेळ वाचला तर त्याचं पुढे होतं काय, कमाई वाढते का? मोरोक्कोच्या टँजियर शहरात अर्थतज्ज्ञ एस्थर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. सार्वजनिक नळावरून पाणी आणणाऱ्या घरांना बिनव्याजी कर्जावर घरात नळ दिला. कमाई वाढली नाही. आजारही कमी झाले नाहीत, कारण सार्वजनिक नळाचं पाणी आधीच चांगलं होतं. वाचलेला वेळ लोकांनी विश्रांतीत आणि माणसांत मिसळण्यात घालवला, पाण्यावरून होणारी भांडणं कमी झाली, आणि ते जास्त समाधानी झाले. आमच्या क्षेत्रात काहीजण हा निकाल सांगताना ओशाळतात, जणू योजना फसली. मला त्यात ओशाळण्यासारखं काहीच दिसत नाही. पुरुष संध्याकाळी पारावर बसतो तेव्हा त्याच्याकडे उत्पादकतेचा दाखला कुणी मागत नाही.

उत्तर लिहा, सविस्तर लिहा, आकडे तपासून लिहा. आणि हे पत्र आईलाही वाचायला द्या, पण तिचं उत्तर वेगळ्या कागदावर, तिच्या अक्षरात हवं. "आम्हाला दोघांना असं वाटतं" असं तुम्ही लिहून पाठवलंत तर मी ते तुमच्या एकट्याचंच धरीन.

तुमची,
धाकटी