जर्सी घातलीत, आता मैदानावर या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कोणता गायक, कोणता नट कोणत्या फुटबॉल क्लबचा चाहता आहे यावर आपण पानभर मजकूर छापलात. फोटो छान होते. पण पान संपलं तरी एक गोष्ट कळली नाही, ती ही की या मंडळींनी त्या क्लबसाठी केलं काय? टी-शर्ट घालून फोटो काढणं वेगळं आणि एखाद्या संघाचं होऊन जाणं वेगळं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत ३१ वर्षं संगीत शिकवलं. नोकरीची शेवटची पाच वर्षं त्याच शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघामागे धावले आणि निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. सूर आणि चेंडू, दोन्ही घरचे. म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

माझ्यासाठी हा विषय सचिनदांपासून, म्हणजे संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यापासून, सुरू होतो. आमचे हे सोलापूर रेल्वेत होते, तरुणपणी रेल्वेच्या संघातून हाफबॅक खेळायचे. त्यांच्याबरोबर खरगपूरहून बदलून आलेले एक बंगाली गृहस्थ होते. रविवारी चहाला क्वार्टरवर आले की मला सचिनदांची एखादी चाल पेटीवर वाजवायला सांगायचे आणि चाल संपली की फुटबॉलवर बोलायला लागायचे. या दोन्हींचा संबंध काय, मला कळत नसे. एकदा त्यांनीच उलगडून सांगितलं. सचिन देव बर्मन कुमिल्ल्याचे, म्हणजे पूर्व बंगालचे, म्हणून त्यांचा जीव ईस्ट बंगाल क्लबवर. मन्ना डे कोलकात्याचे, ते मोहन बागानचे. मुंबईत रेकॉर्डिंगला दोघं एकत्र, पण फुटबॉलचा विषय निघाला की समोरासमोर. १९७५ मध्ये सचिनदा आजारी पडले, बेशुद्धीत गेले. ३० सप्टेंबरला कोलकात्याच्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असं हरवलं. राहुल देवने वडिलांच्या कानाशी वाकून ही बातमी सांगितली आणि सचिनदांनी डोळे उघडले, असं बंगाली माणसं आजही सांगतात. ३१ ऑक्टोबरला ते गेले.

ते गृहस्थ हे सांगताना कपातला चहा निवून जायचा. त्यांचे वडीलही फाळणीत सगळं तिकडे टाकून आलेले. घर गेलं, शेत गेलं, गावाचं नाव परदेशात गेलं. उरला तो १९२० मध्ये निघालेला एक क्लब, ज्याच्या नावात सुटलेला मुलूख अजून शाबूत होता. तेव्हा मला कळलं की ज्या माणसाने नदीकाठची लोकगीतं आयुष्यभर गळ्यात सांभाळली, तो फुटबॉलचा संघही त्याच मायेने सांभाळणार.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर मी इंग्लंडचा गायक एल्टन जॉन याचं देईन. आपल्या पानावर त्याचा फोटो आणि वॉटफर्ड हे क्लबचं नाव, एवढंच होतं. खरं तर पान त्याच्यावरच व्हायला हवं होतं. त्याचं मूळ नाव रेजिनाल्ड ड्वाइट. त्याचा चुलतभाऊ रॉय ड्वाइट १९५९ मध्ये इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या फायनलमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघाकडून खेळला. पहिला गोल त्याने मारला आणि अर्धा तास होतो न होतो तोच पाय मोडून तो बाहेर गेला. उरलेल्या दहा जणांनी सामना जिंकून दिला, कारण तेव्हा बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती. रेजिनाल्ड त्या वेळी १२ वर्षांचा, वडिलांबरोबर वॉटफर्डचे सामने बघायला जाणारा मुलगा. पुढे हा मुलगा जगभर गाजला आणि १९७६ मध्ये, ऐन भरात असताना, त्याच वॉटफर्डचा अध्यक्ष झाला. क्लब तेव्हा चौथ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या तळाशी होता. पुढच्या वर्षी त्याने ग्रॅहॅम टेलरला मॅनेजर म्हणून आणलं. १९८२ मध्ये संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला, १९८३ मध्ये लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरा आला आणि १९८४ मध्ये एफए कपच्या फायनलला उभा राहिला. तिथे १९२७ पासून सामन्याआधी एक प्रार्थनागीत म्हणायची प्रथा आहे. ते सुरू झालं आणि एल्टन जॉनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एव्हर्टनने सामना २-० असा जिंकला. पण त्याने क्लब सोडला नाही. मधे काही वर्षं दूर गेला, १९९७ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाला आणि २००५ मध्ये क्लबला पैसे उभे करून द्यायला त्याच मैदानावर गायला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हे एकदा मुलींना सांगितलं. एक उठून म्हणाली, "बाई, एवढा मोठा माणूस, मग त्याने जिंकणारा संघ का नाही घेतला?" मी म्हटलं, अगं, गाव का कुणी निवडून घेतं?

इंग्लंडमधल्याच ब्रायटन क्लबचंही सांगावंसं वाटतं, कारण मैदान हातचं जाणं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक आहे. १९९७ मध्ये त्या क्लबला आपलं विकलं गेलेलं जुनं मैदान सोडावं लागलं. दोन वर्षं घरचे सामने परगावी, गिलिंगहॅमला. गावात परत आले ते धावण्याच्या ट्रॅकच्या मैदानावर. त्या दिवसांत, १९९९ पासून, त्यांच्या जर्सीवर नाव आलं ते स्किंट या रेकॉर्ड कंपनीचं. फॅटबॉय स्लिम या नावाने संगीत करणारा नॉर्मन कुक त्या कंपनीचा मोठा कलाकार आणि ब्रायटनचा पाठीराखा. इंग्रजीत स्किंट म्हणजे कफल्लक. हे नाव नऊ वर्षं त्या जर्सीवर राहिलं. गायक एड शीरनही २०२१ मध्ये आपल्या सफोक परगण्यातल्या इप्सविच टाउन क्लबच्या जर्सीला पैसे द्यायला लागला. संघ तेव्हा तिसऱ्या पायरीवर होता.

आणि नॉर्विचच्या डेलिया स्मिथबाई! त्या गायिका नव्हेत, टीव्हीवर सगळ्या इंग्लंडला स्वयंपाक शिकवलेल्या बाई. आपल्या पानात त्या नव्हत्या याचं वाईट वाटलं. पुस्तकांतून कमावलेला पैसा नवरा-बायकोने नॉर्विच सिटी क्लबात घातला. फेब्रुवारी २००५ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध हाफटाइमला २-२ अशी बरोबरी होती. बाई माइक घेऊन मैदानात गेल्या आणि आपल्याच प्रेक्षकांना ओरडून विचारलं, कुठे आहात तुम्ही? लोक त्यांना हसले. सामनाही हरले. मला तो प्रसंग कधी हसण्यासारखा वाटला नाही. संघ बुडत असताना गप्प बसवत नाही, त्या बाईचा आवाज आहे तो.

माझा नातू पुण्यात शिकतो. मँचेस्टर सिटीची आकाशी जर्सी अंगातून काढत नाही. ओएसिस या इंग्लिश बँडचे गॅलाघर बंधूही सिटीचे, हे त्याला ठाऊक होतं. पण एप्रिल १९९६ मध्ये ओएसिसने सिटीच्या मेन रोड मैदानावर दोन रात्री गाणी केली आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच सिटी वरच्या लीगमधून खाली गेली, १९९८-९९ मध्ये तर तिसऱ्या पायरीवर खेळत होती, हे त्याला मी सांगितलं. ते भाऊ त्या वर्षांतही सिटीचेच होते. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, तुमच्या मुलींच्या मॅच कधी असतात?" तो आला. दोन रविवार लाइनमन झाला.

आता आपल्याकडचं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, ही फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली तेव्हा नट आणि क्रिकेटपटू मालक म्हणून पुढे आले. मुंबईला रणबीर कपूर, चेन्नईला अभिषेक बच्चन, गुवाहाटीला जॉन अब्राहम, केरळला सचिन तेंडुलकर आणि आपल्या शेजारी पुण्याला हृतिक रोशन. माझ्या मुलींनी पुणे सिटीचं नाव पाटीवर, वहीवर, कंपासपेटीवर लिहिलं होतं. २०१९ मध्ये तो क्लब बंद झाला. त्याला हजार कारणं असतील, पैशांची असतील, आणि कुणा एकाला दोष देण्याइतकं मला त्यातलं समजत नाही. पण कंपासपेटीवरचं नाव पुसून काढणारी सातवीतली पोरगी मी पाहिली आहे. नाव पुसलं तरी पत्र्यावर ओरखडा राहतोच.

आमच्यावर आलेला एक प्रसंग आज मनमोकळेपणी सांगते. फेब्रुवारी महिना होता. आमच्या एका स्पर्धेच्या उद्‌घाटनाला एक नामवंत गायक येणार होते. सामना सकाळी आठचा. मुली सातपासून रांगेत उभ्या, हातात गुलाबाची फुलं. फेब्रुवारीत सुद्धा सोलापूरचं ऊन नवाच्या पुढे डोक्यात जातं. साहेब सव्वादहाला आले. चेंडूवर पाय ठेवून फोटो झाला, गळ्यात चादर पडली, "खेळा, खूप मोठ्या व्हा" म्हणाले आणि पहिली शिट्टी वाजायच्या आत गाडी निघाली. गोलकीपर मुलीला उलटी झाली. तिच्या हातातलं फूल द्यायचं राहूनच गेलं होतं. मला राग त्यांच्या उशिराचा नाही, कलावंताला उशीर होतो, मी समजू शकते. राग याचा की दोन हाफ बघायला तरी थांबायला हवं होतं. त्या दिवशी आमच्या पोरींनी ०-१ ने मागे असताना शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल केले. त्यांनी ते पाहिले असते तर ते पुन्हा आले असते, याची मला आजही खात्री वाटते.

त्याच्या उलट एक माणूस. आमच्या लेफ्ट विंगला खेळणाऱ्या मुलीचे वडील, टॉवेलच्या कारखान्यात पॉवरलूमवर काम करतात. रात्रपाळी करून रविवारी सकाळी थेट मैदानावर येतात, केसांत कापसाची धूळ तशीच. गोलला जाळी नाही, चेंडू लांब जातो, पोरी आणायला पळतात, हे त्यांनी पाहिलं. एक अक्षर बोलले नाहीत. लूमवरचं वाया जाणारं जाड सूत मालकाला विचारून ते घरी आणत गेले आणि चार महिने रोज थोडी थोडी गाठ मारून त्यांनी एक जाळी केली. पांढऱ्या सुतात कुठे कुठे निळं, कुठे तांबडं, जसं मिळालं तसं. पहिला गोल त्या जाळीत बसला तेव्हा जाळी मागे फुगली आणि चेंडू तिच्यात क्षणभर थांबून खाली आला. पोरी गोल विसरून जाळीला हात लावायला धावल्या. त्या माणसाला कुणी ओळखत नाही. पाठीराखा म्हणजे मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

मोठ्या नावांची गरज नाही असं मात्र मी म्हणत नाही. फार गरज आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या विजय बारसे सरांच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवर २०२२ मध्ये सिनेमा काढला, अमिताभ बच्चन त्यात सरांच्या कामावर बेतलेल्या भूमिकेत होते. तो पाहून आल्यावर आमच्याकडे एका आठवड्यात नऊ नव्या मुली आल्या. त्यातल्या सहा अजून खेळतात. आयांनी स्वतः आणून सोडल्या, हे विशेष. एका नावाने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोल्हापूर बघा. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ तिकडे लोटते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तो काही आभाळातून पडला नाही. मग सोलापुरात तालमी काय कमी आहेत? थोरला मंगळवेढा, पाणीवेस, पत्रा तालीम, आणि प्रत्येकीच्या मागे आपापली पेठ. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमची पोरं लेझीम धरतात तेव्हा बाहेरगावची माणसं बघायला येतात. तोच ताल, तीच शिस्त, तेच दमसास फुटबॉलला लागतात. लेझीम शिकवताना मी जे पाय मोजायला लावते, तेच कोच चेंडूवर मोजायला लावतात. एका तरी तालमीने मुलामुलींचा एक संघ दत्तक घ्यावा आणि पेठेचं नाव जर्सीवर छापावं.

आणि सोलापूरचे म्हणून जे गायक, वादक, नट, शाहीर पुण्या-मुंबईत नाव मिळवून आहेत, त्यांना आपल्या पत्रातून माझं एक सांगणं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, गणपतीला, सत्काराला तुम्ही येता. एखाद्या रविवारी पहाटेच्या गाडीने उतरलात की सरळ मैदानावर या. हार-तुरे नकोत, भाषण नको. सकाळी साडेसहाला मैदानाच्या रेषांवर फक्की मारायला सुरुवात होते, सातला सामना. ओट्यावर बसा, दोन्ही हाफ बघा, हाफटाइमला लिंबू-पाणी घ्या. आमच्याकडे हलगी आहे, वाजवावीशी वाटली तर वाजवा. मग पुढच्या रविवारी नाही जमलं तरी संघाचं काय झालं, हे फोनवर विचारा.

जाळी अजून एकाच गोलला आहे. टॉस जिंकणारी कॅप्टन पहिल्यांदा त्याच बाजूला गोल करायला मागते आणि हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की दुसऱ्या संघाची पाळी येते. दुसऱ्या जाळीसाठी सूत जमायला लागलं आहे. परवा मी बघायला गेले होते, दाराच्या कोपऱ्यात पिशवीभर होतं.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर