लाल डगला आणि पिवळी रेघ

पुणे, 14 जानेवारी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. स्कॉटलंडच्या 42व्या आणि 92व्या हायलँडर पलटणींच्या शिपायांचे ते चित्र सरळ छापून का पाठवत नाहीस, हाताने काढण्यात चार महिने का घालवतोस, असे तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर मला काम करता करताच सापडले, म्हणून ते सविस्तर लिहितो.

मूळ चित्र चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ यांचे. ते स्वतः फौजेत होते, आणि ब्रिटिश फौजेच्या गणवेशांची त्यांची चित्रमाला 1812 ते 1815 या काळात लंडनमध्ये निघाली. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून, आम्लाने पत्रा खाऊ देऊन छटा उमटवण्याच्या ॲक्वाटिंट पद्धतीने ही चित्रे छापली गेली. रंग मात्र नंतर हाताने भरले गेले. ज्यांनी ते भरले त्यांची नावे चित्रावर नाहीत, आणि याची मला फार खंत वाटते. एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रतींत लाल रंग सारखा नसतो, कारण कुंचला धरणारा हात वेगळा असतो. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेही हाताने रंगवलेली प्रतच आहे.

मी ज्या प्रतीच्या छायाचित्रावरून काम केले, तिच्यात छातीवरचे आडवे पट्टे करडे, काही ठिकाणी काळपट दिसतात. शिपायांचे पट्टे तर पांढरे असत. जुन्या चित्रांत शिशाचा पांढरा रंग वापरलेला असला की हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी तो काळा पडतो, तसेच इथे झाले असावे. मग मी काय रंगवायचे, समोरचा कागद की त्या शिपायाच्या अंगावरचा पट्टा? छपाईयंत्र हा प्रश्न विचारत नाही, ते काळा डाग इमानाने काळाच छापते. मी पट्ट्यांची जागा कोरी ठेवली आणि कागदाचा पांढरेपणाच तिथे राहू दिला.

लाल रंगाने याहून जास्त दिवस घेतले. त्या काळी साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेत रंगवलेल्या जाड कापडाचा असे, त्याला विटकरी झाक असे. अधिकाऱ्याचा झळझळीत लाल रंग कोचिनियल किड्यापासून काढलेला असे. माझे दोघेही साधे शिपाई, तेव्हा पहिले दोन प्रयत्न फार भडक झाले म्हणून मी फाडून टाकले. 92व्या पलटणीच्या किल्टवर, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या चुणीदार वस्त्रावर, हिरव्या-निळ्या चौकड्यांतून एक पिवळी रेघ जाते, 42व्याच्या किल्टवर ती नाही. ही रेघ प्रत्येक चुणीवर थोडी मोडते, पुढच्या चुणीवर थोडी सरकून पुन्हा सुरू होते. सगळ्यात बारीक कुंचल्याने ती ओढताना श्वास रोखून धरावा लागे, आणि कापड कमरेभोवती कसे पडते हे मला तेव्हा खरे समजले.

या निमित्ताने हेंड्रिक विंकहाउझेन या डच डॉक्टरांविषयी सांगायचे आहे. त्यांनी गणवेशांची 32,000 हून अधिक चित्रे जमवून 762 चिकटवह्यांत लावली. 1911 साली तो संग्रह न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला देणगीदाखल मिळाला, आणि आज तो घरबसल्या पाहता येतो. पुस्तकांतली पाने काढून त्यांनी ती देश आणि काळ पाहून लावली, अनेक चित्रे स्वतः रंगवली, काही स्वतः काढली. मला त्यांच्याविषयी आदर आहे, तरी पुस्तकातून पान सुटले की ते चित्र कुठले आणि रंग कोणाचा हे कळण्याची वाटच बुजते, ही गोष्ट मला सोसत नाही. निव्वळ प्रेमापोटी केलेले हे नुकसान आहे, आणि तेच नुकसान माझ्या हातून होऊ नये असे मला वाटते.

म्हणून चित्राच्या मागे मी पेन्सिलीने सगळे लिहिले आहे: मूळ कोणाचे, पट्टे कुठे बदलले, लाल कसा ठरवला, कोणता रंग कुठे अंदाजाने भरला. चित्र पुठ्ठ्याच्या नळीतून या आठवड्यात पाठवतो. फ्रेम करणाऱ्याला आवर्जून सांग की मागे पुठ्ठा चिकटवू नकोस, नुसता टेकवून ठेव, म्हणजे कधी कोणाला मागची बाजू वाचायची झाली तर चित्र फाडावे लागणार नाही.

तुझा,
मोहन