आधी वळणं आणि साईडपट्ट्या, मग रुंदी

मा. संपादक,
स. न.

खेड-दापोली राज्यमार्गाच्या रुंदीकरणाचा विषय आमच्याकडे पुन्हा निघाला आहे. टपरीवर, बाजारात, वडापच्या म्हणजे शेअर प्रवासाच्या गाडीत, जिथे जावं तिथे एकच ऐकू येतं, 'एकदाचा रस्ता मोठा होऊ दे.' मलाही तो मोठा व्हायला हवा आहे. पण मी या रस्त्यावर एकतीस वर्षं एसटी चालवली. तेव्हा मोठा म्हणजे कुठे मोठा, एवढं विचारायचा हक्क मला आहे असं समजतो.

रस्ता तीसेक किलोमीटरचा. ऐकायला काहीच नाही. पण दापोलीहून डेरवणच्या रुग्णालयात किंवा मुंबईला न्यायचा पेशंट याच रस्त्यानं जातो, हर्णैची मासळी याच रस्त्यानं निघते, चिऱ्याचे ट्रक आणि खडीचे डंपर याच रस्त्यावर, आणि गणपतीत नि मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या बाजूला चौपदरी झाला, कशेडीचा बोगदा झाला, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. मात्र महामार्गानं खेडजवळच्या भरणे नाक्यापर्यंत ऐंशी-नव्वदनं आलेला माणूस दापोलीकडे वळला म्हणून त्याचा पाय हलका होत नाही. तो पाय तसाच आमच्या वळणांवर येतो.

आता हिशेब बघा. एसटीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. समोरून ट्रक आला की दोघांचे मिळून पाच मीटर गेले. जिथे डांबर साडेपाच मीटर आहे तिथे उरतो अर्धा मीटर, म्हणजे दीड फूट. तोही सरळ रस्त्यावर. वळणावर लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, ते आत कापतं. म्हणून तर भारतीय रस्ते महासभेच्या (आयआरसी) मानकांत वळणाला जादा रुंदी सांगितली आहे. दुपदरी रस्त्यावर ४१ ते ६० मीटर त्रिज्येचं वळण असेल तर १.२ मीटर जादा, त्याहून आवळ वळण असेल तर १.५ मीटर. मी हे मानक निवृत्त झाल्यावर, नातवाच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकात वाचलं. त्याआधी एकतीस वर्षं ते मला मागच्या चाकाकडून समजत होतं.

प्रत्यक्षात रुंदीकरण कसं होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. जिथे दोन्ही बाजूंना मोकळं कातळ आहे, जमीन बांधकाम खात्याच्या ताब्यात आहे, कोणी आडवं येत नाही, तिथे पहिला जेसीबी लागतो. सरळ पट्टा सात मीटरचा गुळगुळीत होतो. आणि वळणावर कोणाचा तरी दगडी गडगा, कोणाची तरी कलमं, कोणाची तरी हरकत, म्हणून वळण राहतं जुन्याच मापाचं. म्हणजे गाडीला वेग कुठे दिला, तर बरोबर वळणाच्या आधी. याला रुंदीकरण म्हणायचं की सापळा लावणं?

ताशी पन्नासच्या वेगानं येणाऱ्या गाडीला धोका दिसल्यापासून थांबायला ६० मीटर मोकळी नजर लागते, हेही त्याच मानकांतलं. आमच्या वाडीजवळच्या वळणावर पावसाळ्यात रानमोडी नि घाणेरी वाढली की वीस-पंचवीस पावलांपलीकडचं दिसत नाही. तिथे हॉर्न वाजवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, ही आमच्या वेळची पद्धत. हल्लीच्या गाड्यांच्या काचा बंद असतात, आत गाणी लावलेली. हॉर्न कोण ऐकणार?

दुसरी गोष्ट साईडपट्टीची, आणि ती जरा घरची आहे. गेल्या श्रावणात माझी पुतणी स्कूटरवरून दापोलीला निघाली होती. समोरून डंपर आला, तिनं साइड द्यायला स्कूटर डावीकडे घेतली, पुढचं चाक डांबरावरून खाली उतरलं आणि परत वर चढेना. खांद्याचं हाड मोडलं. डंपर निघून गेला, त्याला मागे काय झालं ते कळलंही नसेल. लोक म्हणाले, पोरीला अजून गाडीचा हात नाही. दुसऱ्या दिवशी मी सुताराची पट्टी घेऊन तिथे गेलो आणि डांबराच्या कडेपासून खालच्या मातीपर्यंत माप घेतलं. सात इंच. घराच्या पायरीला आपण एवढी उंची ठेवतो.

ही पायरी कोणी मुद्दाम बांधली नाही. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता उंच होतो, बाजू तिथेच राहते. एप्रिल-मेमध्ये ठेकेदार लाल मातीचे दोन-चार ट्रक पसरून जातो, फोटो काढतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीला ती माती पऱ्यात वाहून जाते. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे गटार न काढता साईडपट्टी भरणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. डोंगराकडच्या बाजूला गटार नसलं की पाणी रस्त्यालाच व्हाळ समजतं. त्यात ऑगस्टपासून मासळीचे टेम्पो सुरू होतात, त्यांचं बर्फाचं पाणी वळणावळणाला सांडत जातं. त्याची बुळबुळ दुचाकीवाल्याला विचारा.

आणि नारिंगी नदी. दरवर्षी मोठा पाऊस झाला की खेडजवळ तिचं पाणी रस्त्यावर येतं आणि दापोलीची वाहतूक बंद पडते. रस्ता दहा मीटर रुंद केला तरी पाणी दहा मीटरभर पसरेल, एवढंच. तिथे रस्ता उचलायला हवा आणि रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या मोठ्या करायला हव्यात. पण मोरीचं उद्घाटन करायला कोणी येत नाही.

कठड्यांबद्दल फार लिहीत नाही. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात आमच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची बस दरीत गेली, तीस जण गेले. तेव्हापासून दापोलीत कठडा हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. २०२३ च्या जूनमध्ये आसूदजवळ ट्रक आणि वडापची गाडी समोरासमोर आली, तेव्हाही रडणारी घरं आमच्याच तालुक्यातली होती.

राहता राहिली जमीन. 'लोकच जमीन देत नाहीत' असं साहेब लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत, त्यातली सोळा मुंबईत आणि दोन बडोद्याला. सह्या गोळा करायच्या तर गणपतीची वाट पाहावी लागते. पण दुसरं अर्धंही लिहा. पहिला रस्ता झाला तेव्हा आजोबांची जी पट्टी गेली, ती सातबाऱ्यावर आजही आमच्याच नावे आहे. पैसे नाहीत, नोंद नाही, आणि त्यावरून मी स्वतः एकतीस वर्षं एसटी चालवली! अशी पट्टी आमच्या रस्त्याला किती घरांची असेल. २०१३ च्या कायद्यानं बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम ठरवून दिली आहे. ती मिळते असं लोकांनी एकदा पाहिलं, की निम्म्या हरकती आपसूक मिटतील. म्हणून आधी मोजणी, मग जेसीबी. आणि मोजणीची सुरुवात वळणांपासून. सरळ पट्टे आणखी दोन वर्षं थांबले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

झाडांचंही तसंच. वळणाच्या आतल्या अंगाची झुडपं सरसकट काढा, बाहेरच्या अंगाचा वड ठेवा. रात्री त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावरूनच वळण ओळखता येतं.

पुतणी पडली त्यानंतर, दिवाळी झाल्यावर, मी माझ्या कोपऱ्यावरचा चिऱ्याचा गडगा पाच फूट आत घेतला. एक काजूही तोडला, चांगला धरता होता. घरात त्यावरून बोलणी खाल्ली. पण आता त्या वळणावर दापोलीहून येणाऱ्या गाडीचं तोंड आधीच दिसतं, आणि माझ्याबरोबरचे जुने चालक जाताना हात करतात. ती पाच फूट जागा रस्त्याला देण्यास माझी हरकत नाही. बाकीच्या बावीस जणांच्या सह्या येत्या गणपतीत घेऊन ठेवतो. मोजणीला कोण येणार आणि कधी, एवढं आपल्या वर्तमानपत्रातून कोणी कळवलं तर बरं होईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त एसटी चालक
वाकवली परिसर, ता. दापोली, जि. रत्नागिरी